बाकाच्या पोटाला रंग

४ जानेवारी

ती. दादास,

नमस्कार. तुझं पत्र पोचलं. त्यात प्रकृतीची चौकशी अर्धी ओळ आणि माझ्या बागेची टिंगल दीड पान होती, तेव्हा तू ठणठणीत आहेस असं धरून चालते.

तुझं डोकं फिरावं म्हणून आधी बागेची बातमी. स्कूटरच्या जुन्या टायरांना पिवळा रंग देऊन त्यांत सदाफुली लावली. मोडकी शिडी भिंतीला टेकवून तिच्या प्रत्येक पायरीवर एकेक कुंडी ठेवली. फुटक्या बशांचे तुकडे सिमेंटमध्ये बसवून नळापर्यंत पायवाट केली. ह्यांच्या जुन्या बुटात कोरफड लावली, तेव्हा हे म्हणाले, "मी दोन तास जागचा हललो नाही तर माझ्यात काय लावशील?" मी म्हटलं, तुमच्यात काही रुजायचं नाही.

आता कामाचं. मागच्या अंगणाच्या दाराची चौकट वाळवीने खाल्ली, म्हणून लोखंडी दार बसवून घेतलं. जुनं दार मात्र शाबूत आहे. तूच केलेलं, घर बांधलं त्या वर्षी. चौदा मार्चला आमच्या बागमंडळाचं प्रदर्शन आहे, वाचनालयाच्या अंगणात. विषय तोच, टाकाऊतून टिकाऊ. सहा वर्षं मी दुसरी येतेय आणि पहिली ती दातांची डॉक्टरीण, जी दर वर्षी बाटल्यांना सुतळी गुंडाळते. यंदा मी तुझ्या दाराचा बाक करणार आहे. खिळे आणले आहेत. रंग पोपटी घ्यावा म्हणते.

तुझी,
खारूताई

१५ जानेवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद. अक्षर सूनबाईचं आहे, माझा चष्मा बदलायला टाकलाय. शब्द माझे आहेत आणि त्यांत साखर घालणार नाही असं तिने कबूल केलंय.

टाकाऊतून टिकाऊ म्हणे. तो टायर टाकाऊ नव्हता, तुझ्या हाती लागल्यावर झाला. शिडी चढायला असते, बशी खायला असते, बूट पायात घालायला असतो. जे धड करता येत नाही ते रंगवायचं आणि जे रंगवता येत नाही त्याला सुतळी गुंडाळायची, ही तुमची कला. लहानपणी तू माझ्या रंध्याखालच्या ढलप्या गोळा करून त्यांची फुलं करायचीस, तेव्हा मी कौतुकाने तुला खारूताई म्हटलं. तिथेच कान पिळला असता तर आज शेजाऱ्यांना त्या टायरांकडे बघत दात घासावे लागले नसते.

तू पाठवलेली फुटकी किटली आणि तिच्यातलं ते झाड मी न्हाणीघराच्या खिडकीत ठेवलंय. तिथे पाहुणे जात नाहीत.

दाराला हात लावू नकोस. कापण्याआधी तीन वर्षं सावलीत सुकवलेला साग आहे तो. माझ्या सख्ख्या बहिणीने त्यात खिळे मारले हे ऐकायला मला जगायचं नाही. दार उचल आणि इकडे पाठव. बाक मी करून देतो, खाच आणि तिच्यात घट्ट बसणारं कुसू पाडून, एकही खिळा न मारता. अट एकच, रंग लावायचा नाही. सागाला रंग लावणारा माणूस दुधात पाणी घालणाऱ्याच्याही खालचा. नुसतं तेल पुसायचं आणि हात जोडून बाजूला व्हायचं.

तुझा,
दादा

(आत्या, किटलीतल्या झाडाला दोन नवी पानं आलीत. पाणी बाबाच घालतात. – सून)

२७ जानेवारी

ती. दादास,

दार टेम्पोने रवाना केलं. टेम्पोवाला विचारत होता, एवढं जड दार कुठल्या किल्ल्याचं. मी म्हटलं, आमच्या दादाचं डोकं आहे ते, सांभाळून ने.

तुला एवढा सागाचा पुळका, तर तू राहतोस कुठे ते जरा बघ. तुझ्या मुलाने सगळं घर दुकानातून खोक्यांत भरून आणलं. पलंग दाबलेल्या भुशाचा, कपाट दाबलेल्या भुशाचं. मागच्या खेपेला मी खण ओढला तर खण हातात आला आणि कपाट तिथेच राहिलं. जन्मभर लोकांच्या घरी साग बसवलास आणि म्हातारपणी भुशावर झोपतोस. माझा टायर निदान टायर आहे, आपण लाकूड आहोत असं सांगत फिरत नाही.

आणि ऐक. यंदा परीक्षक कोण आहे माहितेय? तुझ्या कारखान्यातला तो भुसाभरू. इथे त्याचं तीन मजली फर्निचरचं दुकान आहे. मंडळात आमंत्रणाची चहाबैठक झाली तेव्हा आला होता, पांढरा शर्ट, केसही पांढरे. मला ओळखलं. म्हणाला, "मेस्त्री कसे आहेत? हात चालतो का अजून?" मी म्हटलं, चालतो म्हणजे काय, चौदा तारखेला बघा, माझ्याकडे त्यांचा बाक येतोय. बोलून तर बसले. आता माझी लाज तुझ्या हातात आहे.

तुझी,
खारूताई

८ फेब्रुवारी

चि. खारूताई,

आशीर्वाद. चष्मा अजून आलेला नाही, म्हणून याही वेळी सूनबाईच.

दार पोचलं. गॅलरीत उभं केलंय. रंधा फिरवला तर आतून लाकूड अजून मधासारखं निघतं. मुलगा म्हणाला, बाबा, दुकानात असा बाक तयार मिळतो. मी त्याला गॅलरीबाहेर काढलं.

भुसाभरू परीक्षक झाला याचं मला नवल वाटत नाही. जिथे बाटलीला सुतळी गुंडाळली की पहिला नंबर मिळतो, तिथे त्याच्याइतका लायक परीक्षक शोधून सापडायचा नाही. तुला अर्धीच गोष्ट माहीत आहे, पुरी सांगतो. कारखान्यात मी मेस्त्री होतो आणि तो नवा कारागीर. एका शाळेसाठी टेबलं चालली होती. त्याच्या टेबलाचा सांधा सैल बसला. चुकतो माणूस, त्याचं काही नाही. सांगायचं आणि परत करायचं. याने भुसा आणि सरस कालवून फट भरली आणि वरून पॉलिश मारलं. मी सगळ्या कारखान्यासमोर टेबल उलटं केलं, टोच्याने तो भुसा कोरून काढला आणि त्याच्या तळहातावर ठेवला. म्हटलं, हे घे, तुझी कमाई. त्या दिवसापासून तो भुसाभरू. आठ दिवसांत काम सोडून गेला. मला तेव्हाही वाईट वाटलं नाही आणि आजही वाटत नाही. सांध्यात फट राहिलेली मी खपवून घेईन, खोटं राहिलेलं नाही.

बाक आला की त्याच्यासमोर उलटा कर. पोट दाखव. वरून सगळेच गुळगुळीत करतात, सुताराची लायकी पोटाला कळते. त्याला म्हणावं, सांध्यात कागद सरकवून दाखव. कागद आत गेला तर मी मेस्त्री नाही. माझं नाव मोठ्या अक्षरांत लाव.

तुझा,
दादा

१ मार्च

ती. दादास,

तीन आठवडे झाले, ना पत्र, ना बाक. फोन केला तर सूनबाई म्हणते, बाबा गॅलरीत आहेत, नंतर बोलतील. तुझं ते नंतर काही उजाडत नाही. प्रदर्शन तेरा दिवसांवर आलं. यादी छापायला गेली, त्यात तुझं नाव घातलंय, तू म्हणालास तसं मोठ्या अक्षरांत. जमणार नसेल तर सरळ सांग. माझे खिळे अजून तसेच आहेत.

तुझी,
खारूताई

८ मार्च

चि. खारूताई,

बाक आज पाठवला.

लाकडात दम राहिला नव्हता. इतकी वर्षं तुझ्या दारात उभं राहून पाणी प्यालेलं लाकूड, त्याच्याकडून किती अपेक्षा करायची. कोपऱ्यात कुठेतरी ठेव आणि वर कुंड्या मांड, तुझी ती कोरफड वगैरे. उलटा करून दाखवायची काही गरज नाही. भुसाभरूला काय कळतंय त्यातलं. नावाची चिठ्ठी काढता आली तर काढ. तुमच्या त्या बाजारात माझं नाव नको.

दादा

(आत्या, गॅलरीचं दार महिनाभर आतून बंद होतं. ह्यांनी मदतीला एक सुतार आणला, तर बाबांनी त्याला उंबऱ्यावरूनच परत पाठवलं. बाक सगळा त्यांनी एकट्याने केला. – सून)

१७ मार्च

ती. दादास,

प्रदर्शन झालं. बातम्या बऱ्या आहेत आणि वाईटही आहेत. वाईट आधी सांगते म्हणजे तुझी आरडाओरड लवकर आटपेल.

बाक मी रंगवला. पोपटी. तीन हात दिले. दहा तारखेला टेम्पोतून उतरला, संध्याकाळी मी तो अंगणात उलटा केला आणि पोटापासूनच सुरुवात केली. पाय, आडव्या पट्ट्या, सगळे सांधे, बारीक ब्रशने. मग वरून. तेरा तारखेपर्यंत वाळला. तू रंग लावू नकोस म्हणाला होतास ते मी विसरले नव्हते. पण बाक माझा, बाग माझी आणि मला पोपटी आवडतो.

नावाची चिठ्ठी काढता आली नाही, यादी छापून झाली होती.

भुसाभरू दहाच्या सुमाराला आला. बाटल्या बघितल्या, टायर बघितले, माझ्या शिडीपाशी नुसती मान हलवली. मग यादीत तुझं नाव वाचलं आणि थेट बाकापाशी आला. कोणाला न विचारता त्याने तो उलटा केला आणि पांढऱ्या पँटीत गुडघ्यांवर बसला. चष्मा काढून ठेवला आणि एकेका सांध्यावरून बोट फिरवत गेला. मागच्या डाव्या पायाशी त्याचं बोट जरा जास्त वेळ थांबलं. मग उठला, बाक स्वतःच सरळ केला आणि माझ्याकडे वळला.

"बाई, हे मेस्त्रींचं काम आहे," तो म्हणाला, सगळ्यांना ऐकू जाईल असं. "सांधे बघायला मी सकाळपासून तयार होऊन बसलो होतो. सागावर हा रंग फासून तुम्ही त्याचं मातेरं केलंत. तुम्हाला काही वाटलं नाही?"

मी म्हटलं, मला पोपटी आवडतो.

लोक हसले. डॉक्टरीण जरा जास्तच हसली. भाषणात तर त्याने कहर केला. म्हणाला, असा कारागीर आता होणे नाही आणि त्याच्या वाट्याला अशी बहीण यावी हे त्याचं दुर्दैव. टाळ्या पडल्या. पहिला नंबर बाटल्यांना. यंदा मी दुसरीही नाही, उत्तेजनार्थसुद्धा नाही. घरी येताना ह्यांनी मला न मागता उसाचा रस पाजला, म्हणजे त्यांना माझी फारच कीव आली असावी.

बरी बातमी ही की तुझं नाव गाजलं. बाक आता पेरूखाली आहे. बसायला छान आहे. डुगडुगत नाही.

तुझी,
खारूताई

२४ मार्च

खारूताईस,

या वेळी आशीर्वाद नाही.

मी पत्र दोनदा वाचून घेतलं, कारण पहिल्यांदा माझा कानांवर विश्वास बसला नाही. पोपटी. एक हात नाही, दोन नाही, तीन. मी एकच गोष्ट मागितली होती. बाक मोड म्हणालो असतो तर तू जपून ठेवला असतास, एवढी तू उलट्या खोपडीची. तुझ्याकडे नजर नाही, कधीच नव्हती. हात आहेत आणि वेळ आहे आणि त्या दोन्हींचं काय करावं हे तुला पासष्ट वर्षांत कळलेलं नाही. जग भरलंय तुझ्यासारख्या बायकांनी, घरात दिसेल ती वस्तू रंगवून बाहेर मांडतात आणि बाहेर दिसेल ती रंगवून घरात आणतात. त्या डॉक्टरणीने निदान बाटल्याच घेतल्या, कोणाची मेहनत नासवली नाही. आणि त्या भुसाभरूच्या तोंडून माझी बाजू ऐकायची वेळ माझ्यावर आणलीस. तो तुला जे बोलला ते मी बोललो असं समज आणि वरती आणखी दुप्पट समज.

यापुढे मला बागेचं काही कळवू नकोस. शक्य झालं तर काहीच कळवू नकोस.

दादा

(आत्या, सांगतील तसं लिहिलं, माफ करा. मजकूर झाल्यावर त्यांनी तुमचं पत्र माझ्याकडून मागून घेतलं. चष्मा त्यांच्या खिशातच असतो. तेव्हापासून गॅलरीत ते घेऊन बसलेत. जेवायला हाक मारली तर मलाच विचारतात, बाकाच्या पोटाला कोणी रंग लावतं का गं? – सून)

११ एप्रिल

चि. खारूताई,

अक्षर वाचता आलं तर वाच. नाही आलं तर टायरवर चिकटव, शोभा येईल. एवढंसं लिहायला चार दिवस लागले.

चष्म्याला काही झालं नव्हतं. दोन वर्षं झाली, हात हलतो. कप अर्धाच भरून द्यावा लागतो. सूनबाईला माहीत आहे, मुलालाही माहीत असेल, घरात कोणी बोलत नाही. मला वाटलं, चहा सांडेल पण पटाशी सांडायची नाही. पन्नास वर्षांची सवय आहे, हात विसरला तरी पटाशी विसरायची नाही. तुला तो मोठा तोरा लिहून पाठवला तेव्हा एकही खाच पाडली नव्हती. मग पाडायला बसलो. पहिली वाकडी गेली. दुसरी रुंद झाली. लाकूड मोजकंच होतं, परत कापायला जागा नव्हती. लाकडात दम नाही असं तुला कळवलं ते खोटं. लाकूड माझ्याहून बरं आहे.

मग मी काय केलं ते तुला दहा मार्चच्या संध्याकाळी कळलंच. भुसा आणि सरस. आठपैकी पाच सांध्यांत.

बाकाच्या पोटाला कोणी रंग लावत नाही, खारूताई. ते कोणाला दिसत नाही. रंग फुकट जातो, आणि तू तर कागदाचा कपटा फुकट घालवत नाहीस. तुझं पत्र ऐकताना मला फक्त पोपटी ऐकू आलं. शिव्या देऊन झाल्यावर मी ते स्वतः वाचलं, तेव्हा पोटापासून सुरुवात केलीस हे दिसलं. सहा वर्षं त्या नंबरासाठी झुरलीस आणि भर अंगणात माझ्यासाठी हसं करून घेतलंस. मला फार लाज वाटली. मागचं पत्र फाडून टाक. मला तसं पुन्हा लिहिता यायचं नाही.

आणखी एक. त्याचं बोट मागच्या डाव्या पायाशी थांबलं असं तू लिहिलंस. सगळ्यांत वाईट सांधा तोच आहे. रंगाने डोळे फसतात, सुताराचं बोट फसत नाही, आणि त्याने तर चष्मा काढून ठेवला होता. त्याला कळलं. माझ्या हातून भुसा तळहातावर घेऊन कारखान्यातून गेलेला माणूस तो. प्रदर्शनात त्याला टोच्यासुद्धा लागला नसता, नख पुरलं असतं. त्याऐवजी त्याने तुला झापलं आणि बाक सरळ करून ठेवला. कारखान्यात तेव्हा त्याचा सांधा सैल का गेला हे मी विचारलं नव्हतं. त्याच्या घरी काही असेल, हाताला काही असेल. मला आता आठवत नाही, कारण मी कधी माहीतच करून घेतलं नाही.

त्याचा पत्ता पाठव. काय लिहायचं ते अजून ठरलेलं नाही. सूनबाईला सांगणार नाही, माझं मीच लिहीन, मग लागू दे महिना.

रंगकाम मात्र तुला येत नाही, हे मी अजूनही म्हणतो. त्या डाव्या पायाशी सरस फार आहे. दोन उन्हाळ्यांत तो सुटेल आणि रंगाला भेग पडेल. दर वर्षी तिथे एक हात मारत जा, बारीक ब्रशने, आतपर्यंत. पोपटीच मार.

तुझा,
भुसाभरू